करमते का तुले?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आजच्या भाषणासाठी मला जो विषय मिळाला, तो असा : 'तरुणांचा रोजचा दिवस आणि करमणूक'. विषय हातात पडल्यावर मी घरी आईला फोन केला. रेडिओवर बोलायचं आहे म्हटल्यावर तिला आनंद झाला. विषय सांगितला तेव्हा मात्र ती जराशी थांबली आणि म्हणाली, "करमणूक? अन् थे तू रेडिओवर सांगशीन? लोक म्हणतीन, पोट्टा वर्ध्याले अभ्यास कराले गेला का करमणूक कराले?"

तिचंही चूक नाही. मी देवळी तालुक्यातल्या एका लहानशा गावचा. घरी पाच एकर कोरडवाहू शेती. गेली चार वर्षं वर्ध्यात खोली करून मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे. दोनदा पूर्वपरीक्षा पास झालो, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत अडकलो. अशा मुलाच्या दिवसात करमणूक असलीच, तर ती चोरून करायची गोष्ट असते. हसताना कुणी पाहिलं तर हा अभ्यास करत नाही, असं त्याला वाटेल, ही भीती.

आमचा दिवस सांगतो. सकाळी सहाला अभ्यासिका उघडते. तिथली खुर्ची ठरलेली असते आणि त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं, तर शेजाऱ्यानं आपला बांध कोरल्याइतका राग येतो. नऊला पोहे. पोह्यांवर तर्री किती, यावरून ठेलेवाल्याशी रोज वाद. दुपारी डबा. डब्यात रोज वांग्याची भाजी का असते, हा प्रश्न अजून कुठल्याही आयोगानं विचारलेला नाही. संध्याकाळी बजाज चौकापर्यंत एक चक्कर, पानठेल्याजवळ अर्धा तास गप्पा आणि पुन्हा खुर्ची. महिन्याच्या सुरुवातीला खिशात पैसे असले, की गोरस पाकाचं पाकीट आणायचं आणि सहा जणांत मोजून खायचं. मधल्या फटींमध्ये मोबाइल. पाच मिनिटं म्हणून हातात घ्यायचा आणि तासाभरानं, आपण नेमकं काय पाहिलं हे न आठवता, खाली ठेवायचा.

आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की हमखास विचारतो, "मग संध्याकाळी तुम्ही लोक करता तरी काय?" आमच्या खोलीतल्या मित्राचं यावर ठरलेलं उत्तर आहे : "दारूबंदी खरंच आहे का, यावर चर्चा करतो."

तर असा आमचा दिवस. या दिवसाला कंटाळून आमच्यातले बरेच जण पुण्याला गेले. महाराष्ट्र एक्स्प्रेसवर मित्राला सोडायला जायचं, हीसुद्धा आमची एक करमणूकच झाली आहे. मागच्या वर्षी एकाला सोडायला गेलो होतो. गाडी सुटताना दारात उभा राहून तो म्हणाला, "तू बी ये बे. इथं करमत नाही." सहा महिन्यांनी त्याचा फोन आला. मॉल पाहून झाले होते, मोठ्या पडद्यावरचे सिनेमे पाहून झाले होते. म्हणाला, "इथं बी करमत नाही बे."

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसला. करमणं. आमच्या पानठेल्यावर हिंदी विद्यापीठातला बिहारचा एक मुलगा चहाला येतो. त्याला मी एकदा या शब्दाचा अर्थ सांगायला गेलो. खूप झटापट केल्यावर तो म्हणाला, "मतलब, मन लगना." जवळपास बरोबर. पण आपल्याकडे याच क्रियापदापासून करमणूकही आली आहे, ही गंमत त्याला सांगता आली नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'करमणूक'. आमच्याकडे हा एका गुणाचा प्रश्न असतो. मी तो पाठ केला होता, पण त्या नावाचा विचार कधी केला नव्हता. करमणूक म्हणजे ज्यामुळं माणसाला करमतं ते. ज्या जागी आपण आहोत, ज्या दिवसात आहोत, तिथं ज्यामुळं मन टिकतं ते. मग ती रिकामटेकड्यांची गोष्ट कशी?

हे मला पुस्तकातून कळलं नाही. ते कळलं बाबांच्या रेडिओमुळं. आज त्याविषयीच थोडं सांगायचं आहे.

आमच्या ओसरीतल्या कोनाड्यात एक रेडिओ असायचा. सेलवर चालणारा, काळ्या चामडी कव्हरातला. काटा कायम नागपूर केंद्रावर. सकाळी उठल्यावर बाबा आधी रेडिओ लावत, मग तोंड धूत. भक्तिगीतं, बातम्या, शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव. आणि क्रिकेट. १९८३ चा वर्ल्ड कप आपण रेडिओवर ऐकला, याचा बाबांना एवढा अभिमान, की ऐकणाऱ्याला वाटावं, कपिल देवला त्यांनीच सल्ला दिला होता. सुशील दोशींचं हिंदी समालोचन ते आवाज काढून म्हणून दाखवत. गुरुवारी रात्री गावातल्या मंडळात राष्ट्रसंतांची भजनं होत, तिथं बाबा खंजिरी वाजवत. सिनेमा वर्षा-दोन वर्षांतून एखादा. एवढीच त्यांची करमणूक.

मग २०१७ चं वर्ष आलं. कापूस पिकवणाऱ्या घरांना ते वर्ष वेगळं सांगायला नको. बीटी कापूस आपल्याकडे २००२ साली आला, तो बोंडअळीचा बंदोबस्त म्हणून. पुढं गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ मध्ये तिनं विदर्भातली शेतंच्या शेतं खाल्ली. या अळीचं असं, की बोंड वरून हिरवंगार, टणक दिसतं. फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि रुईची कवडी झालेली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती त्या वर्षी. लोक बांधावरून पाहून म्हणायचे, यंदा जमलं तुमचं. दिवाळीनंतर बाबांनी बोंडं फोडून पाहिली आणि डिसेंबर लागताना उभ्या पिकात जनावरं सोडली.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वर्ध्यात. शनिवारी घरी गेलो तर बाबा नेहमीसारखेच होते. जेवत होते, बैलांना पाणी दाखवत होते, विचारलं तेवढं बोलत होते. रडले नाहीत, चिडले नाहीत. मला वाटलं, बाबा खंबीर आहेत. रात्री भांडी घासता घासता आई हळूच म्हणाली, "रेडिओ बंद हाय पंधरा दिवसांपासून."

मी म्हटलं, सेल संपले असतील.

"सेल आणून ठेवले मी. कोनाड्यातच हायेत. हातबी लावला नाही त्याइनं. गुरवारी भजनालेबी नाही गेले."

आईची भीती माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आमच्या भागात ती भीती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आमच्याच रस्त्यावरच्या एका घरात ते दोन वर्षांपूर्वी घडलं होतं. २००९ साली सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा चित्रपट आला होता. त्यातही हेच आहे. गावात एक शेतकरी आत्महत्या करतो आणि दुसऱ्या एका शेतकऱ्याची बायको धास्तावते. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून धडपडते, लहान मुलाला त्याच्या मागं मागं पाठवते. मी तो चित्रपट कॉलेजात पाहिला तेव्हा काही ठिकाणी हसलोही होतो. आता माझी आई मला म्हणत होती, "परीक्षा झाली का घरीच राह्य. त्याइच्यासंगं बोलत जाय."

बोलत जा. म्हणजे काय बोलू? बाप आणि वीस वर्षांचा मुलगा एकमेकांशी बोलतात तरी काय? शेतीचा विषय काढायचा नाही, कर्जाचा नाही, बहिणीच्या लग्नाचा नाही. एवढं वगळल्यावर आमच्या घरात विषयच उरत नव्हता. तीन दिवस मी नुसताच त्यांच्याजवळ बसून राहिलो. ते आढ्याकडे पाहत, मी मोबाइलकडे.

त्याच आठवड्यात कोलकात्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना चालू होता. विदर्भ विरुद्ध कर्नाटक. विदर्भानं तोवर रणजी कधी जिंकली नव्हती. अंतिम फेरीही पाहिली नव्हती. २१ डिसेंबरची सकाळ. शेवटचा दिवस. कर्नाटकाला जिंकायला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. मी मोबाइलवर धावफलक पाहत होतो आणि का कोण जाणे, मोठ्यानं वाचायला लागलो. बाबांना उद्देशून नाही. भिंतीला उद्देशून. इतक्या धावा झाल्या. आता इतक्या राहिल्या. गुरबानी गोलंदाजी करतो आहे.

असा बराच वेळ गेला. मग मागून आवाज आला, "किती राह्यले?"

श्रोतेहो, तो आवाज मला अजून आठवतो. तीन आठवड्यांत बाबांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी सांगितलं. ते खाटेवर जरा सरकून बसले. "विकेट?" सांगितलं. "बॉलिंग कोन करून राह्यला?" म्हटलं, रजनीश गुरबानी, इंजिनीअर आहे. "इंजिनीअर हाय त बरं हाय. घाई नाही करनार."

दाराच्या आड आई हातातलं काम सोडून उभी होती. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

विदर्भानं तो सामना पाच धावांनी जिंकला. गुरबानीनं त्या डावात सात बळी घेतले. पुढं इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना झाला. त्यात गुरबानीनं हॅट्ट्रिक केली आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भानं नऊ गडी राखून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. हे सगळं पेपरात आलं. पेपरात न आलेली एक गोष्ट आमच्या ओसरीत घडली. कर्नाटकाचा शेवटचा गडी बाद झाल्यावर बाबा उठले, कोनाड्यातला रेडिओ काढला आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. आतले जुने सेल फुटून त्यांचं पाणी झालं होतं, पत्र्याला गंज चढला होता. त्यांनी विळीचं टोक घेऊन तो गंज खरवडायला सुरुवात केली. आई म्हणाली, "विळी बोथट होईन." बाबा म्हणाले, "होऊ दे."

आता कुणी म्हणेल, म्हणजे क्रिकेटनं तुझ्या बाबांना वाचवलं. असं मी म्हणणार नाही. क्रिकेटनं कर्ज फिटत नाही. ते कर्ज पुढं तीन वर्षं होतं. एक बैल विकावा लागला, बहिणीचं लग्न पुढं ढकलावं लागलं. पुढच्या हंगामात बाबांनी कापूस कमी करून तूर आणि सोयाबीन वाढवलं. घर सावरलं ते त्यानं आणि आईच्या मजुरीनं. पण हे सगळं करायला माणूस जागेवर असावा लागतो. त्याला सकाळी उठावंसं वाटावं लागतं. रेडिओनं एवढंच काम केलं. काल किती झाले आणि आज किती होतील, हे जाणून घ्यावंसं वाटणं, ही लहान गोष्ट नाही.

रेडिओचा विषय निघालाच आहे, तर आमच्या अभ्यासातला आणखी एक एका गुणाचा प्रश्न सांगतो. १२ नोव्हेंबर हा दिवस लोकसेवा प्रसारण दिन म्हणून का पाळतात? उत्तर : १९४७ साली त्या दिवशी महात्मा गांधी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि तिथून बोलले. त्यांनी या केंद्राला दिलेली ही एकमेव भेट. सेवाग्राम आमच्या वर्ध्यापासून सायकलच्या अंतरावर. बापूकुटीत आम्ही पाहुण्यांना घेऊन इतक्यांदा गेलो आहोत, की तिथलं सगळं पाठ आहे. पण ते रेडिओवर कुणाशी बोलले, हे मी उत्तर पाठ केल्यावर बऱ्याच दिवसांनी वाचलं. ते बोलले कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी. फाळणीत घरदार गमावून लोक तंबूंमध्ये राहत होते, त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं, आणि तो दिवस दिवाळीचा होता. दिवाळीच्या दिवशी परक्या मुलखात, तंबूत बसलेल्या माणसांना ओळखीचा एक आवाज ऐकू गेला. त्यानं त्यांची घरं परत मिळाली नाहीत. पण मला वाटतं, त्या संध्याकाळपुरतं तरी त्यांना आपलं कुणीतरी आहे असं वाटलं असेल. बाबांचा रेडिओ पाहिल्यानंतर हा प्रश्न माझ्यासाठी एका गुणाचा राहिला नाही.

आता पुन्हा आमच्या अभ्यासिकेत येतो. आमच्यात एक नकलाकार होता. अभ्यासिकेच्या मालकाची, क्लासच्या सरांची, ठेलेवाल्याची अशी नक्कल करायचा, की ठेलेवालाच त्याला फुकट चहा पाजायचा. मागच्या निकालानंतर त्यानं नक्कल बंद केली. सहाच्या आधी दारात हजर, रात्री सगळ्यांत शेवटी बाहेर. सगळे म्हणायला लागले, पोट्टा सुधारला. मला मात्र बाबांच्या कोनाड्यातला बंद रेडिओ आठवला. रविवारी त्याला जबरदस्तीनं गाडीवर बसवून पवनारला नेलं. धाम नदीच्या काठावर आम्ही तासभर नुसते बसलो. मी काही विचारलं नाही. मग तोच बोलला. दोन गुणांनी राहिला होता. घरी मात्र, निकाल अजून लागायचा आहे, असं सांगून ठेवलं होतं. महिनाभर नीट झोपला नव्हता. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून त्याच्या घरी फोन केला. वडील रागावतील असं त्याला वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "मंग घरी ये ना बाप्पा." आज तो गावी शेती आणि मुलांच्या शिकवण्या, दोन्ही करतो. नकला पुन्हा सुरू झाल्या आहेत. सध्या माझी करतो म्हणे.

म्हणून मला आज एवढंच सांगायचं आहे. आपल्या घरात कोण किती काम करतं, किती कमावतं, किती अभ्यास करतं, याच्याकडे आपलं बारीक लक्ष असतं. कोण कशात रमतं, याच्याकडेही असू द्या. रोज गाणं गुणगुणणारी व्यक्ती गुणगुणायची थांबली, पत्ते खेळायला जाणारा जाईनासा झाला, पोरांना चिडवणारे आजोबा गप्प झाले, तर 'बरं झालं, शांत झाला' असं म्हणू नका. जवळ बसा. काय बोलावं सुचत नसेल तर धावफलक वाचा. आणि घरच्या माणसांना जमण्यापलीकडचं वाटलं, तर 'टेलि मानस' ही सरकारची मोफत फोनसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. त्यावर बोलायला लाजण्यासारखं काही नाही.

बाबांचा रेडिओ अजून आहे. कव्हर गेलं, झाकणाला रबर बांधलं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये विदर्भानं नागपूरला तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हा शेवटच्या दिवशी बाबांचे मला सकाळपासून तीन फोन आले. तिन्ही वेळा प्रश्न एकच, "किती झाले?"

हे भाषण लिहून झाल्यावर मी परवा आईला वाचून दाखवलं. ती पूर्ण ऐकून म्हणाली, "चांगलं हाय." मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. फोनवर ती मला रोज विचारते, "जेवला का? करमते का तुले?" आणि मी हो म्हणून फोन ठेवतो. बाबांवर आम्ही सगळ्यांनी नजर ठेवली. त्या दिवसांत आईचं काय बंद झालं होतं, हे कुणीच पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "आई, तुले कशानं करमते?" ती हसली. "मले कायची करमणूक," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "भुलाबाईची गानी लय येत होती मले. सतराच्या सालापासून नाही म्हटली. कोन म्हनते आता."

यंदा भुलाबाई बसली की मी घरी जाणार आहे. अभ्यासिकेतली माझी खुर्ची तेवढी कुणीतरी सांभाळा.